अक्कांचा एक इंच

आमच्या उचगावात कुणाच्या घरी बाळ झालं की बायका बाळाचं तोंड बघायला जातात. अक्का मांडी बघायला जातात.

बारशाला पाळण्याभोवती आम्ही पंधरा-वीस जणी नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, रंग कुणावर गेलाय यावर वाद घालत असतो. अक्का येतात, गर्दीतून वाट काढतात, दुपटं बाजूला करतात आणि बाळाची मांडी अंगठा आणि दोन बोटांत अलगद धरतात. डोळे मिटतात. मग म्हणतात, "एक इंच. काय काळजी करू नगा." घुगऱ्यांची पुडी घेतात आणि चालू लागतात. एकदा एका घरच्या आजीनं मला कोपऱ्यात ओढून विचारलं की ही बाई जाणती-बिणती आहे की काय. मी म्हटलं, नर्स आहे हो. आजीला ते पटलेलं दिसलं नाही, कारण त्यांनी लगेच बाळाच्या दुसऱ्या गालालाही तीट लावली.

अक्का म्हणजे पद्मावती मगदूम. माझा शिवणक्लास आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत आहे. तीस वर्षं सरकारी नोकरीत गावोगावच्या उपकेंद्रांत त्यांनी पोरांना लसी टोचल्या. निवृत्त झाल्या आणि आठवडाही घरी न बसता कोल्हापुरातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात कामाला लागल्या. तिथले डॉक्टर वयानं तरुण आणि स्वभावानं शहाणे आहेत. लस कुठली ते ते सांगतात. सुई कुठली ते अक्कांवर सोडतात. अक्कांनी लग्न केलं नाही. जैन असल्यानं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात, संध्याकाळी माझ्या क्लासमधल्या स्टुलावर येऊन बसतात आणि शिकणाऱ्या मुलींच्या कटिंगमध्ये चुका काढतात. मला वैनी म्हणतात. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं 'मी जातो, मी येतो' असं बोलतात, आणि बोलतात ते पार गावच्या कमानीपर्यंत ऐकू जातं.

ओळख झाली तीच मुळी टेपवरून. शेजारी राहायला आल्या त्याच आठवड्यात क्लासच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, टेप पाहिजे. मी विचारलं, कापडी की प्लास्टिकची? म्हणाल्या, कसली पण चालेल, पण एक इंच. मी विचारलं, एक इंच टेपनं मुंगीचा ब्लाउज शिवणार काय? त्या हसल्या नाहीत. मग मी एका जुन्या टेपचा पितळी टोकाकडचा पहिला इंच कापून दिला. तो त्यांनी पर्सच्या चोरकप्प्यात असा ठेवला, जसं कुणी देवाचा अंगारा ठेवतं. उरलेली टेप एकपासून सुरू होते हे मी विसरले, आणि क्लासमधल्या एका मुलीनं त्या टेपनं आपल्या सासूचे तीन ब्लाउज एकेक इंच घट्ट शिवले. त्या घरातला अबोला अजून पुरता मिटलेला नाही.

तो एक इंच म्हणजे सुईची लांबी. दवाखान्यात आई येवो, आजी येवो, पहिलं वाक्य ठरलेलं: सिस्टर, बारीकातली बारीक, आखूडातली आखूड सुई घ्या हं. अक्कांचं उत्तरही ठरलेलं: "मायेनं नव्हं, मापानं." मग पर्समधून टेपचा तुकडा निघतो, आईच्या अंगठ्याच्या पेरावर ठेवला जातो आणि शिकवणी सुरू होते. मला ही शिकवणी माझ्या धंद्याच्या भाषेत मिळाली. कोटाला जसं वरचं कापड, मध्ये कॅनव्हास आणि आत अस्तर, तशी बाळाला कातडी, मग चरबी, मग स्नायू. दीड महिन्याच्या बाळाला मांडीत द्यायची लस स्नायूतच पोचली पाहिजे. आखूड सुईचा टाका मधल्या चरबीतच अडकतो, औषध तिथंच बसतं, पाय सुजतो, गाठ येते. लांब सुई खोल जाते खरी, पण आपल्या जागेवर जाते. टोचताना बाळ दोन्हीला सारखंच रडतं. फरक दुसऱ्या दिवशी कळतो.

सुईच्या नंबरावरून मात्र आमची बरेच दिवस जुंपली होती. माझ्या मशीनची सोळा नंबरची सुई जाड, अकराची बारीक. त्यांच्याकडं उलटं. तेवीस नंबर जाड आणि सव्वीस बारीक. मी म्हटलं, जगाच्या उलटा कारभार कशाला? त्या म्हणाल्या, जगात शिवणयंत्रं आधी आली की आजारपणं? मी आपली बॉबिन भरत बसले.

लांब सुईचं वेड आहे म्हणून त्या सरसकट सगळ्यांना एक इंच टोचतात असं समजू नका. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका परप्रांतीय जोडप्याचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. मांडी म्हणजे नुसती पेन्सिल. त्याचा बाप हट्टाला पेटला होता, की मोठ्या लोकांच्या पोरांना मोठी सुई देता तर माझ्या पोराला पण मोठीच द्या. अक्कांनी त्याला शांतपणे आखूड सुई दाखवली, पोराच्या मांडीवर त्याचाच हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की इथं गरीब-श्रीमंत नसतंय, मांडी काय म्हणत्या तेवढंच ऐकायचं. 'मांडी काय म्हणत्या' हा त्यांचा पेटंट शब्द. लग्नाच्या पंगतीत एखादा भारदस्त पाहुणा वाढायला आला तरी त्या माझ्या कानात सांगतात, "ह्या पावण्याच्या दंडाला दीड इंच लागंल बघा." मग जिलेबीचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही.

आणि तो पैलवान. गंगावेशीतल्या कुठल्याशा तालमीतला, सहा फुटी, मानेला घड्या. आपल्या तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन आला. लेक बापाच्या वळणावर गेलेली. मांडी बघून अक्का खूश. पैलवानानं सुई बघितली आणि 'मी जरा गाडी बघून येतो' म्हणाला. दारापर्यंतही पोचला नाही. लेक दोन मिनिटं रडून गप्प झाली, बाप मात्र अर्धा तास बाकावर आडवा होता आणि अक्का त्याला लिंबूपाणी पाजत होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यानं पाया पडून विनंती केली, की हे तालमीत कळता कामा नये. अक्कांनी शब्द पाळला. त्यांनी फक्त मला सांगितलं, आणि मी कुठं तालमीत जाते.

अशा गोष्टी सांगत बसले तर संपायच्या नाहीत. पण दोन गोष्टी मला कायम खटकायच्या. एक म्हणजे, ही बाई बाळाच्या तोंडाकडं कधी म्हणजे कधी बघत नाही. माझी नात झाली तेव्हाही दुपटं वर केलं, मांडी चाचपली, संपलं. मी म्हटलं, अहो, पोरगी माझ्यावर गेली आहे का ते तरी बघा. तर खिडकीकडं बघत म्हणाल्या, गेली असंल की.

दुसरी म्हणजे कुरुंदवाड. अक्कांचं मूळ गाव ते, एकुलती धाकटी बहीण सुमनही गावातल्या गावात दिलेली. अक्का म्हणजे थोरली बहीण. कर्नाटक सीमेकडच्या घरांतला शब्द. अख्खं उचगाव आणि अर्धं कोल्हापूर त्यांना अक्का म्हणतं, पण जिनं म्हणायचं ती एकटी सुमन पस्तीस वर्षं बोलत नव्हती. हे मला ठाऊक होतं. कारण ठाऊक नव्हतं, आणि मी शिवणकाम करणारी बाई असूनही ते उसवायला गेले नाही.

ते कारण कळलं माझ्या आगाऊपणामुळं. नातीला पहिल्या लसीला न्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी चहा देता देता लाडात येऊन म्हटलं, "अक्का, आपल्या ओळखीतलं बाळ आहे. जरा लहान सुई काढून ठेवा की."

त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी नातीला टोचलं ते एक इंचानंच, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता. चार दिवस भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज तेवढे येत होते. पाचव्या दिवशी येऊन स्टुलावर बसल्या. क्लासच्या मुली गेल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते असं.

नोकरी नवी होती, काचेच्या सिरिंजांचा काळ. सुया उकळून पुन्हा वापरायच्या. डब्यात लांब, आखूड, बोथट, धारदार अशा सगळ्या असायच्या आणि कुठली उचलायची ते नर्सच्या हातात. गावात एक रीतच पडून गेली होती. ओळखीच्या घरचं बाळ आलं की त्याला डब्यातली सगळ्यात आखूड, सगळ्यात बारीक सुई. पाहुण्याला जशी साईची वाटी वाढावी तसा तो मान. आपल्या माणसासाठी तेवढं केलं नाही तर माणुसकी कसली, असं सगळ्यांनाच वाटायचं. अक्कांनाही वाटायचं. मांडीत लांब सुई लागते हे प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, पण नात्यापुढं प्रशिक्षण कोण विचारतंय.

मग सुमनला मुलगी झाली, स्नेहल. अक्कांची जीव की प्राण. दीड महिन्याची झाली तेव्हा तिला लस द्यायला अक्का स्वतः सुमनच्या सासरी गेल्या. लांब सुई हातात घेतली, आणि नेमकी पोरगी त्यांच्याकडं बघून हसली. "तोंड बघितलं आणि हात आखडला, वैनी. लांब खाली ठेवली, आखूड उचलली. मनात म्हटलं, मावशीचा मान."

औषध चरबीत बसलं. गाठ आली, गाठ पिकली, मिरजेला नेऊन चीर द्यावी लागली. सुमनच्या सासूनं हात जोडून सांगितलं की आता या पोरीला सुई नाही. पुढचे डोस राहिले ते राहिलेच. आठव्या महिन्यात स्नेहलला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता पोरगी निळी पडायची. अडीच महिने सुमन मांडीवर घेऊन रात्रंदिवस बसली. पोरगी वाचली. पण ती खोकत होती त्या दिवसांत अक्का बघायला गेल्या, तेव्हा सुमननं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"ती म्हणाली, तू मायेनं केलंस न्हवं? मग तुझी माया तुझ्यापाशी ठेव." हे सांगून अक्का उठल्या आणि जाता जाता क्लासमधल्या एका मुलीनं तिरका कापलेला ब्लाउजचा गळा सरळ करायला सांगून गेल्या. मला वाईट वाटलं, आणि माझीच लाज वाटली.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आता या श्रावणातलं.

एका बुधवारी संध्याकाळी अक्का आल्या त्या बसल्याच नाहीत. दवाखान्याच्या वहीत उद्याच्या पानावर नाव होतं: स्नेहलचं बाळ, दीड महिना, पहिली लस. स्नेहलचं सासर कोल्हापुरातच, आणि बाळंतपणाला आई तिच्याकडं येऊन राहिलेली, हे कुरुंदवाडकडून अक्कांच्या कानावर आलं होतं. फोनवर स्नेहलनं आधीच बजावून सांगितलं होतं की सगळ्यात बारीक सुई हवी.

मी म्हटलं, मग उद्या रजा टाका, दुसऱ्या सिस्टर टोचतील. त्या म्हणाल्या, "टोचंल की. पण ती नवी हाय, मायाळू हाय. मागितली तर आखूड देईल." मग म्हणाल्या, "उद्या माझ्यासंगं येशीला, वैनी? नुसतं बसायचं." तीस-पस्तीस वर्षं हजारो मांड्या हाताळलेली बाई मला सोबत मागत होती. मी क्लासला सुट्टी दिली.

दवाखान्यात मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. स्नेहल आत आली, मागून बाळाला घेऊन सुमन. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं, पण चाल अक्कांचीच. आत येताच तिचे पाय थबकले. स्नेहलला मावशी आठवायचं कारणच नव्हतं. ती सरळ म्हणाली, "सिस्टर, प्लीज, लहानच सुई घ्या. माझ्या मांडीवर लहानपणच्या इंजेक्शनचा खड्डा आहे अजून."

अक्कांनी मान वर केली नाही. ट्रेमध्ये दोन सुया, आखूड आणि लांब, शेजारी शेजारी ठेवल्या. पर्समधून टेपचा तुकडा काढून लांब सुईपाशी ठेवला.

"तो खड्डा ह्या लांबीनं न्हाई पडला, बाळ. ह्या आखूडनं पडलाय. ती सुई मीच टोचली होती. मी तुझी मावशी."

स्नेहल आईकडं बघू लागली. मला वाटलं, आता ह्या दोघी निघून जाणार, आणि जाताना बाळाची लस पुन्हा राहणार. अक्कांनाही त्याचीच भीती होती. स्वतःच्या अपमानाची त्यांनी तयारी करून ठेवली होती.

सुमन पुढं आली. बाळाला टेबलावर ठेवलं, दुपटं बाजूला केलं आणि मांडी धरली.

"लांबच टोच," ती म्हणाली. "आणि तोंड बघू नगंस."

अक्कांनी बोटांनी मांडी अलगद चाचपली. तोंडाकडं बघितलं नाही. एक इंच. बाळ किंचाळलं, सुमननं त्याला खांद्यावर घेतलं, आणि अक्कांनी पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहिली. निघताना स्नेहलनं वाकून नमस्कार केला आणि काउंटरवर विचारून अक्कांचा नंबर घेतला.

पुढचे दोन दिवस मी शब्दांत सांगू शकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी अक्का क्लासमध्ये सहा वेळा आल्या. कधी दोरा मागायला, कधी किती वाजले विचारायला. घड्याळ त्यांच्या हातातच होतं. पाय सुजला असेल का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही त्या विषयाला हात लावला नाही. दवाखान्यात त्यांनी दिवसाकाठी वीस बाळं टोचली असतील, आणि प्रत्येक आईला सांगितलं असेल की काही होत नाही. तेच वाक्य मी त्यांना सांगून बघितलं, तर माझ्यावर डाफरल्या.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असतो; दुपारी चारला फोन आला. अक्का स्टुलावर होत्या. नंबर अनोळखी. कानाला लावला, आणि पलीकडून कुणी काय बोललं ते मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं, कारण तो आवाजही पार कमानीपर्यंत जाणाराच होता.

"अक्का," सुमन म्हणाली, "पाय मऊ हाय. गाठ न्हाई. पोरगी निजलीया."

अक्का 'व्हय' म्हणाल्या. नुसतं व्हय. पलीकडं कुणीतरी नाक ओढलं.

"उद्या ये," सुमन म्हणाली. "आता तोंड बघाय ये."

फोन बंद झाल्यावर अक्का बराच वेळ टेबलावरच्या चिंध्या गोळा करत राहिल्या. मुली माना खाली घालून शिवत होत्या, म्हणजे शिवायचं सोंग करत होत्या. मी नाक पुसलं आणि आमच्या धंद्याचं विचारलं, की रिकाम्या हातानं कसं जाणार? झबलं-टोपडं शिवून देते, माप सांगा.

त्यांना एकदम हुशारी आली. मांडीचा घेर त्यांनी अर्ध्या इंचापर्यंत सांगितला. पायाची लांबी सांगितली. वजनावरून छातीचा अंदाजही दिला. मी खडूनं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि डोकं? टोपड्याला डोक्याचा घेर लागतो."

अक्कांना माप माहीत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ते बघितलं न्हाई की," त्या म्हणाल्या. मग पर्स उघडली, चोरकप्प्यातला तो पितळी टोकाचा तुकडा काढून हातात धरला आणि पुन्हा आत ठेवला.

"वैनी, उद्याच्याला मला आख्खी टेप द्या."

मी नवी टेप काढून दिली. एकपासून सुरू होणारी नव्हे, चांगली.

रविवारी सूर्य मावळायला पाच मिनिटं असताना परत आल्या. जेवणाचा डबा घरात तसाच होता आणि सूर्य बुडाला की आजचं जेवण हुकलं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. दारातूनच म्हणाल्या, डोकं पंधरा इंच. मी खडू उचलला. पण त्या स्टुलावर टेकल्या आणि नाकापासून सुरुवात केली. नाक सुमीचं, कपाळ आमच्या आईचं, हनुवटीला खळी, ती कुणाची ते कळत नाही, आणि डाव्या भुवईत एक भोवरा. मी म्हटलं, अक्का, टोपड्याला भुवई लागत नाही. तरी त्या सांगत राहिल्या, आणि मी ते सगळं टेबलावर खडूनं लिहून घेतलं.